समोर बसलेल्यांचा दिग्दर्शक

व्ही. शांताराम यांच्याविषयी मराठीत कमी लिहिले गेले आहे, अशी तक्रार कुणी करणार नाही. ‘शांतारामा’ हे त्यांचे आत्मचरित्र आहे, ‘प्रभात’ आणि ‘राजकमल’ या संस्थांविषयी विपुल लेखन आहे आणि त्यांच्या प्रमुख चित्रपटांची नावे सिनेमाशी फारसा संबंध नसलेल्या माणसालाही पाठ असतात. मग चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या वाचकांसमोर त्यांचे आयुष्य आणि काम पुन्हा मांडण्याचे प्रयोजन काय? शांतारामबापू जन्माने कोल्हापूरचे, कीर्तीने पुण्या-मुंबईचे. वैनगंगेकाठच्या धानपट्ट्याशी किंवा दक्षिणेकडच्या सागाच्या जंगलाशी त्यांच्या चित्रपटांचे नाते सांगू लागलो, तर ते ओढूनताणून आणलेले ठरेल. तसे नाते या पुस्तकाला सांगायचेही नाही. सांगायचे आहे ते वेगळे. शांतारामांच्या चित्रपटांवर गेली साठ-सत्तर वर्षे जो एक आक्षेप सतत घेतला गेला, तो खरा किती आणि खोटा किती हे ठरवण्यासाठी लागणारी जाण महाराष्ट्राच्या ज्या मोजक्या भागांत अजून शाबूत आहे, त्यांत याच भागातल्या झाडीपट्टीचा नंबर बराच वरचा लागतो. तो आक्षेप म्हणजे नाटकीपणाचा.

आधी चरित्राची रूपरेषा पाहू. शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी झाला. शिक्षण बेताचे. किशोरवयात काही काळ गंधर्व नाटक मंडळीत, मग हुबळीच्या रेल्वे कारखान्यात आणि तिथल्या सिनेमा थिएटरात पडेल ते काम, आणि १९२० च्या सुमारास मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांच्यामुळे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत प्रवेश. तिथे झाडलोटीपासून अभिनयापर्यंत सगळे करून ते दिग्दर्शनापर्यंत पोचले. ‘नेताजी पालकर’ (१९२७) हा त्यांचा पहिला महत्त्वाचा मूकपट. १ जून १९२९ रोजी विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये ‘प्रभात’ पुण्यात आली. ‘अयोध्येचा राजा’, ‘अमृतमंथन’, ‘धर्मात्मा’, ‘अमरज्योती’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ ही सगळी १९३२ ते १९४१ या दहा वर्षांतली कमाई. १९४२ मध्ये ते ‘प्रभात’मधून बाहेर पडले आणि परळला त्यांनी ‘राजकमल कलामंदिर’ उभे केले. ‘शकुंतला’, ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’, ‘लोकशाहीर रामजोशी’, ‘अमर भूपाळी’, ‘झनक झनक पायल बाजे’, ‘दो आँखें बारह हाथ’, ‘नवरंग’ आणि ‘पिंजरा’ ही तिथली ठळक नावे. १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार, ३० ऑक्टोबर १९९० रोजी निधन आणि १९९२ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण. इतका दीर्घ आणि इतका यशस्वी प्रवास भारतीय सिनेमात थोड्यांच्याच वाट्याला आला.

पण या यशाच्या मागे मागे तो आक्षेपही चालत आला. शांतारामांची पात्रे बोलत नाहीत, भाषण करतात; रडत नाहीत, रडून दाखवतात; कॅमेरा असूनही सगळे काही रंगमंचावर समोरासमोर मांडल्यासारखे दिसते, असा त्याचा आशय. या आक्षेपाला एक काळही आहे. १९५५ मध्ये ‘झनक झनक पायल बाजे’ टेक्निकलरच्या झगमगाटात पडद्यावर आला आणि त्याच वर्षी कोलकात्यात ‘पथेर पांचाली’ प्रदर्शित झाला. सत्यजित राय यांच्या त्या चित्रपटाने सुशिक्षित भारतीय प्रेक्षकाला एक नवी फूटपट्टी दिली. चांगला चित्रपट म्हणजे ज्यात अभिनय जाणवत नाही, भावना अर्ध्या झाकलेल्या असतात आणि आपण कुणाच्या तरी जगण्यात चोरून डोकावतो आहोत असे वाटते, तो. फिल्म सोसायट्यांनी ही फूटपट्टी गावोगावच्या रसिकांपर्यंत नेली आणि त्यातून आपल्या अभिरुचीचे भलेच झाले. मात्र त्या फूटपट्टीने मोजायला घेतले की शांताराम आखूडच भरणार. प्रेक्षक हजर नाही असे मानून त्यांनी चित्रपट काढलेच नाहीत. समोर हजार माणसे बसली आहेत आणि आपण त्यांच्याशीच बोलतो आहोत, हे गृहीत धरून त्यांची प्रत्येक चौकट रचलेली असते. प्रश्न असा की हे गृहीत कलेच्या दृष्टीने हीन आहे का?

पुण्या-मुंबईत हा प्रश्न पुस्तकी होतो, कारण तिथे नाटक बंदिस्त नाट्यगृहात, अडीच-तीन तासांत आणि शिस्तीत बसलेल्या प्रेक्षकांसमोर होते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत परिस्थिती निराळी आहे. दिवाळी झाली, धान कापून झाले की बांध्या मोकळ्या होतात आणि गावोगावी मंडई भरू लागते. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात आणि रात्री नाटक लागते. देसाईगंज म्हणजे वडसा हे या धंद्याचे मुख्य ठाणे. हंगामात तिथे कंपन्यांच्या कार्यालयांच्या पाट्या आणि नाटकांची रंगीत पोस्टरे रांगेने दिसतात. गावची मंडळे येऊन तारखा ठरवून जातात. रात्री दहाच्या पुढे पडदा वर जातो तो उजाडेपर्यंत. वर टांगलेले माइक, बाजूला ऑर्गन आणि तबला, आत प्रॉम्प्टर, मागे रंगवलेला पडदा. पुढे बसलेल्यांत नव्वदीची आजी असते आणि तिच्या मांडीवर झोपलेले नातवंडही. खलनायक आला की शिव्या पडतात, करुण प्रसंगाला पदर डोळ्यांना लागतो, गाणे रंगले की ‘वन्स मोअर’ होतो आणि नट एखादे वाक्य थेट प्रेक्षकांकडे पाहून टाकतो तेव्हा त्याचे उत्तर खालून मिळते. मंडईसारख्याच गर्दीच्या शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतींवर, न्यायालयाची बंदी आली, त्या वर्षांतही नाटके थांबली नाहीत. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राने या रंगभूमीकडे जरा निरखून पाहिले. पण झाडीतल्या माणसाला तिची ओळख कुणी करून द्यावी लागत नाही.

रात्रभर असे नाटक पाहणाऱ्याला एक गोष्ट कुणी न शिकवता कळते. भडकपणा आणि नाटकीपणा एक नव्हेत. एखादा नट आवाज चढवतो आणि सबंध मंडप स्तब्ध होतो. दुसरा त्याहून मोठ्याने ओरडतो आणि लोक चहा प्यायला उठतात. दोघेही ‘नाटकी’च आहेत. फरक इतकाच की पहिल्याने समोरच्यांना काहीतरी करायला ठेवले आहे आणि दुसऱ्याने सगळे स्वतःच करून टाकले आहे. शांतारामांच्या चित्रपटांचा खरा निकष इथे सापडतो, असे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. त्यांचा उत्तम चित्रपट आणि फसलेला चित्रपट यांतला फरक नाटकी असण्या-नसण्याचा नाही. समोर बसलेल्या माणसासाठी जागा ठेवली आहे की नाही, याचा आहे.

हे सिद्ध करायचे तर त्यांची जडणघडण पाहावी लागते. कोल्हापूरचा सिनेमा नाटकाच्या पोटी जन्मला. बाबूराव पेंटर यांचे नाव आधी झाले ते नाटक कंपन्यांसाठी रंगवलेल्या पडद्यांमुळे. छोट्या शांतारामला गंधर्व नाटक मंडळीत नेले ते गोविंदराव टेंबे यांनी आणि पुढे बोलपट आल्यावर ‘अयोध्येचा राजा’मध्ये हरिश्चंद्र झाले, संगीतही दिले, तेही टेंबे यांनीच. ‘धर्मात्मा’मध्ये एकनाथ म्हणून बालगंधर्व उभे राहिले. ‘अमृतमंथन’च्या मराठी आवृत्तीतला राजगुरू, ‘कुंकू’मधले काकासाहेब आणि ‘शेजारी’तला जिवा पाटील या तिन्ही भूमिका केशवराव दाते यांच्या, म्हणजे मराठी रंगभूमीवरच्या एका मुरलेल्या नटाच्या. शांतारामांना नटाचे नाटकपण काढून टाकायचे असते, तर त्यांनी तीन-तीनदा दाते निवडले नसते. त्यांना हवी होती ती रंगभूमीची समोरच्याला धरून ठेवण्याची ताकद, आणि तिला कॅमेऱ्याने काय जोड देता येईल याचा ते शोध घेत होते.

‘अमृतमंथन’ (१९३४) मध्ये ही जोड पहिल्यांदा ठळक दिसते. बळी देण्याच्या प्रथेवरून राजा आणि राजगुरू यांच्यात उभा राहिलेला संघर्ष हा विषय. ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठी शांताराम आदल्या वर्षी जर्मनीला जाऊन आले होते. रंगांचा तो प्रयोग फसला, पण छाया-प्रकाशाची जर्मन रीत आणि टेलिफोटो भिंग यांची ओळख घट्ट झाली. हिंदी आवृत्तीत राजगुरूच्या, म्हणजे चंद्रमोहन यांच्या, एका डोळ्याने सगळा पडदा व्यापला जातो. रंगमंचावर नट कितीही मोठा असला तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला त्याचा डोळा दिसत नाही. शांतारामांनी तो डोळा शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला. पद्धत रंगभूमीची, समोरून थेट भिडणारी, साधन सिनेमाचे. या प्रतिमेला वास्तववादी कुणी म्हणणार नाही, पण तिच्यातली दहशत समजायला कुणाला टीपाही लागत नाहीत.

‘कुंकू’ (१९३७) मध्ये हीच समज फार वरच्या पायरीवर गेली. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. अनाथ नीरेचे लग्न फसवून एका प्रौढ विधुर वकिलाशी लावले जाते आणि ती हा संबंध मानायला साफ नकार देते. जरठ-कुमारी विवाह हा विषय मराठी प्रेक्षकाला नवा नव्हता. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ पासून रंगभूमीवर होते. पण ‘शारदा’मध्ये ऐन वेळी लग्न मोडते आणि प्रेक्षक निर्धास्त होऊन घरी जातो. ‘कुंकू’मध्ये लग्न लागते आणि गोष्ट तिथून सुरू होते. नाटक पाहून सुटकेचा निःश्वास टाकलेल्या समाजाला शांताराम जणू विचारतात, की मुहूर्त टळला नसता तर काय केले असते? हा प्रश्न विचारण्यासाठी त्यांनी काय केले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यांनी पार्श्वसंगीत पूर्णपणे काढून टाकले. या चित्रपटात ऐकू येतात ते घरातले आवाज. गाणे असेल तर ते कुणीतरी तिथेच म्हणत असते किंवा ग्रामोफोनवर वाजत असते. आरशासमोर उभे राहून आपले वय लपवू पाहणारे काकासाहेब दिसतात, तेव्हा त्यांची कीव करावी की चीड यावी, हे सुचवायला व्हायोलिन येत नाही. ते प्रेक्षकाने ठरवायचे आहे. केशवराव दाते यांचा अभिनय संयत असला तरी ठसठशीत आहे, नीरा झालेल्या शांता आपटे यांचा तर उघड बंडाचा आहे. शकुंतला परांजपे यांच्या पात्राचे बोलणेही सुधारकी वळणाचे आहे. म्हणजे नाटक भरपूर आहे. पण त्याच्या भोवती शांतता ठेवली आहे आणि त्या शांततेत १९३७ च्या प्रेक्षकाला स्वतःच्या घरातल्या बायका आठवल्या असतील, तर त्यात नवल नाही.

यानंतरचे ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) याच वाटेचे पुढचे टप्पे. पोलीस शिपाई गणपत आणि वेश्यावस्तीतली मैना यांच्या ‘माणूस’मध्ये शांताराम त्या काळच्या गोडगुलाबी बागेतल्या प्रेमगीतांची उघड टर उडवतात. प्रेक्षकाला ओळखीचा सांकेतिक खेळ दाखवून त्याच्यासकट हसायचे, ही युक्ती लोकनाट्याची. ‘शेजारी’त जिवा आणि मिर्झा या दोन जिवलग शेजाऱ्यांत धरणाच्या निमित्ताने फूट पाडली जाते आणि धरण फुटते तेव्हा ते दोघे पुन्हा एकमेकांच्या हातांत हात घालून मरतात. हिंदी आवृत्तीत, ‘पडोसी’त, मुसलमान मिर्झाची भूमिका गजानन जागीरदार यांनी केली आणि हिंदू ठाकूरची मजहर खान यांनी. नट आणि पात्र यांच्या धर्मांची ही अदलाबदल पडद्याबाहेरच्या प्रेक्षकाला उद्देशून केलेले विधान होते. फाळणीचे वारे वाहू लागले असताना ते समजायला कुणाला अडचण पडली नसावी.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. ‘प्रभात’चा सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता म्हटले, तर बहुतेक जाणकार ‘संत तुकाराम’ (१९३६) चे नाव घेतील आणि तो शांतारामांचा नव्हे, दामले-फत्तेलाल यांचा आहे. त्यातला साधेपणा, गावच्या जगण्याची ऊब आणि तुकोबांचा निवांत चेहरा यांच्यापुढे शांतारामांची मांडणी कर्कश वाटते, हा युक्तिवाद सहज झटकून टाकता येणार नाही. ‘संत तुकाराम’ थोर आहेच. पण त्या थोरवीचे श्रेय नाटकापासून दूर राहण्याला देता येत नाही. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत आलेले नट होते. त्या चित्रपटाचा प्राण असलेला भजनाचा ठेका आणि गाथा वर येण्याचा किंवा सदेह वैकुंठगमनाचा चमत्कार हे प्रकार कीर्तन आणि नाटक यांच्याच घरातले आहेत. म्हणजे दामले-फत्तेलाल आणि शांताराम यांच्यातला भेद स्वभावाचा आहे. एकाने प्रेक्षकाला भक्त म्हणून बसवले आणि दुसऱ्याने पंच म्हणून. कोणती बैठक अधिक सुखाची, हे ज्याने त्याने ठरवावे. पण दोन्ही बैठका एकाच मंडपातल्या आहेत.

दुसरा आक्षेप उपदेशाचा. शांताराम धडे देतात आणि त्या धड्यांसाठी न घडणाऱ्या गोष्टी घडवून आणतात, असे म्हटले जाते. त्यासाठी ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) चे उदाहरण हमखास येते. सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर उजाड माळावर नेऊन, बेड्या न घालता, केवळ विश्वासावर माणूस बनवणारा जेलर! पण ही गोष्ट हवेतली नव्हती. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये खुला तुरुंग उभा राहिला होता आणि ग. दि. माडगूळकरांच्या कथेला त्याचाच आधार होता. चंद्रपूरच्या वाचकाला तर इतक्या लांब जायचीही गरज नाही. हा चित्रपट बनत होता त्याच दशकात याच जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या आनंदवनात, खडकाळ जमिनीवर, समाजाने घराबाहेर काढलेल्या कुष्ठरोग्यांना सोबत घेऊन बाबा आमटे शेती पिकवत होते. आनंदवन आणि हा चित्रपट यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण नाकारलेली माणसे आणि नाकारलेली जमीन एकमेकांना सावरतात, ही कल्पना ज्यांना भाबडी वाटते, त्यांनी चंद्रपूर-नागपूर रस्त्यावर वाट वाकडी करून तिची खातरजमा करावी. काळाने आपल्याला अविश्वासाची सवय लावली आहे आणि त्या सवयीला आपण वास्तव म्हणू लागलो आहोत, असाही याचा एक अर्थ निघतो.

या चित्रपटाची कारागिरीही पुन्हा तपासायला हवी. ‘झनक झनक’च्या रंगीत यशानंतर शांतारामांनी मुद्दाम कृष्णधवल फिल्म घेतली. उघडा माळ, आभाळ, सहा राकट चेहरे आणि जेलरचे डोळे, इतक्यावर चित्रपट उभा केला. कैदी पळून जाऊ पाहतात तेव्हा त्यांना ते डोळे सगळीकडून आपल्याकडे बघताना दिसतात. ‘अमृतमंथन’मधला जो डोळा दरारा घालत होता, तोच तेवीस वर्षांनी नैतिक धाक होऊन परतला. शेवटी जेलर आदिनाथ भाजीचे पीक आणि माणसे वाचवताना मरतो. बैलाशी झुंज देण्याच्या चित्रणात जेलरची भूमिका करणाऱ्या स्वतः शांतारामांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. जेलरच्या मरणाचा प्रसंग सांकेतिक आहे, संथ आहे, गाण्याने भारलेला आहे. पण त्यात त्या सहा जणांचे काय होणार, हा प्रश्न प्रेक्षकाच्या पदरात टाकला जातो. राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणाऱ्या या चित्रपटाला १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. भाषा न कळणाऱ्या परीक्षकांनाही तो कळला, तो त्याच्या समोरून भिडण्यामुळेच. रंगभूमीची ही रीत स्थानिक असते, तिचा परिणाम तसा नसतो.

आता हीच कसोटी शांतारामांच्या उतरत्या काळाला लावली, तर ती त्यांना सोडत नाही, आणि सोडूही नये. ‘नवरंग’ (१९५९) मध्ये एकच नर्तिका होळीच्या गाण्यात क्षणात पुरुष आणि क्षणात स्त्री होते. दंडार किंवा खडी गंमत ही लोकनाट्ये पाहिलेल्याला या खेळाचे मूळ लगेच ओळखू येईल आणि ती नर्तिका झालेल्या संध्या यांच्या मेहनतीला दाद द्यावीशी वाटेल. पण हा खेळ चित्रपटात पसरत जातो, तेव्हा बायकोत आपली कल्पनासुंदरी पाहणाऱ्या कवीची वेदना मागे पडते आणि सजावट पुढे येते. ‘सेहरा’ (१९६३) मध्ये तर वाळवंटसुद्धा नेपथ्यासारखे दिसू लागते. ‘प्रभात’मध्ये पाच भागीदार होते, वाद होते, कुणीतरी ‘हे जमले नाही’ म्हणणारे होते. ‘राजकमल’मध्ये निर्माता, दिग्दर्शक, कधी नायक आणि स्टुडिओचे मालक एकच होते. पहिला प्रेक्षक स्टुडिओतच असावा लागतो, आणि तोच तिथे उरला नाही. या काळात शांताराम अधिक नाटकी झाले असे म्हणण्यापेक्षा नाटकाचा अर्धा भाग, म्हणजे समोरच्याचा प्रतिसाद, त्यांच्या हिशेबातून निसटला असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

‘पिंजरा’ (१९७२) मध्ये तो काही अंशी परत आला. तमाशातली नर्तिका आणि आदर्शवादी मास्तर यांची ही कथा ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटावरून घेतलेली, पण अनंत माने यांच्या लेखनाने, राम कदम यांच्या संगीताने आणि जगदीश खेबुडकर यांच्या गीतांनी ती पुरती मराठी मातीत रुजली. श्रीराम लागू पहिल्यांदा मोठ्या भूमिकेत पडद्यावर आले. गावाने पूजलेला मास्तर तमाशाच्या तंबूत पडेल ते काम करू लागतो, तेव्हा लागूंचा अभिनय रंगभूमीचाच असतो आणि तरीही प्रेक्षक त्यात हरवून जातो. मात्र या चित्रपटावर एक आक्षेप घ्यायलाच हवा. तमासगीर बाई म्हणजे मोह, आणि मोह म्हणजे अधःपात, हे समीकरण त्यात फार सहज मांडले आहे. ज्या दिग्दर्शकाने ‘कुंकू’तल्या नीरेला नकाराचा अधिकार दिला आणि ‘माणूस’मधल्या मैनेला नायकाहून अधिक समजूत दिली, त्याने इथे नाचणाऱ्या बाईकडे पुरुषाच्या पतनाचे निमित्त म्हणून पाहावे, ही पिछेहाट आहे. तिच्या हृदयपरिवर्तनाने ती भरून निघत नाही.

यावर कुणी म्हणेल की झाडीपट्टीच्या रंगभूमीचे हे कौतुक भाबडे आहे. तिथेही आज हंगामाचा धंदा आहे, तिथेही लावणीच्या नावाखाली कथेशी संबंध नसलेले नाच घुसतात, तिथेही नटीकडे पाहण्याची नजर स्वच्छ असतेच असे नाही. हे सगळे खरे आहे. झाडीचा प्रेक्षक शांतारामांचे चित्रपट पाहून घडला, किंवा शांतारामांनी झाडीची नाटके पाहिली, असाही कसलाच दावा इथे नाही. दावा एवढाच आहे की उघड्या मंडपात रात्रभर बसून जो प्रेक्षक नाटक पाहतो, त्याला समोरून येणारा अभिनय पाहण्याचा सराव असतो, आणि सराव असलेल्यालाच त्यातले अस्सल आणि नकली वेगळे करता येते. झाडीपट्टीच्या नाटकांत नकली जास्त झाले असेल, तर ते ओळखणारेही तिथेच बसलेले असतात. पहाटे तीनला उठून जाणारी माणसे हे त्या रंगभूमीचे खरे समीक्षक. आणि नटीकडे पाहण्याच्या नजरेचा प्रश्न ‘पिंजरा’च्या निमित्ताने झाडीत विचारला गेला, तर त्यात दोन्हीकडचे भले आहे.

म्हणून हे पुस्तक वाचताना वाचकाने दोन गोष्टी टाळाव्यात, अशी विनंती आहे. शांताराम थोर होते म्हणून त्यांचे सगळेच थोर, असे मानू नये. त्यांना स्वतःला इतकी ढिली परीक्षा आवडली नसती. आणि त्यांचा सिनेमा जुन्या वळणाचा म्हणून आजच्या मोजमापाने त्याला जुनाट ठरवण्याची घाईही करू नये. १९३७ मध्ये पार्श्वसंगीत वगळण्याचे आणि १९५७ मध्ये रंग सोडून देण्याचे धाडस करणारा माणूस रूढीत अडकलेला नव्हता. पुढच्या प्रकरणांत प्रत्येक चित्रपटाची हकिगत सविस्तर येईल. ती वाचून झाल्यावर ‘कुंकू’ किंवा ‘दो आँखें बारह हाथ’ मोबाइलच्या पडद्यावर एकट्याने पाहून मत बनवू नका. ब्रह्मपुरी, मूल, सिंदेवाही किंवा आरमोरीच्या एखाद्या शाळेच्या पटांगणात पडदा लावा, शे-दोनशे माणसे जमवा, त्यांत म्हाताऱ्या बायकांना पुढे बसवा आणि काकासाहेब आरशासमोर उभे राहतात तेव्हा मंडपात काय होते ते ऐका. लोक गप्प झाले, तर नाटकीपणाचा आक्षेप त्या चित्रपटापुरता निकालात निघाला. लोक चुळबुळ करू लागले, तर समीक्षक बरोबर होते. शांतारामांनी आयुष्यभर ज्यांना उद्देशून चित्रपट काढले, त्यांच्याच हाती हा निवाडा सोपवणे त्यांच्यावर अन्याय करणारे नाही, आणि हा निवाडा करण्याची पात्रता चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्रेक्षकाकडे पुरेपूर आहे.